'उघडू नये' या वाक्याविषयी

विजेवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर एक वाक्य छापलेले असते. आत तुम्ही दुरुस्त करावे असे काही नाही, उघडू नये, जाणकाराकडे न्यावे, अशा आशयाचे. कधी ते पाच-सहा भाषांत असते, मराठीत क्वचितच. आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे. या वाक्याकडे वाक्य म्हणून पाहण्याची संधी आम्हांला गेल्या काही वर्षांत वारंवार आली, कारण आमच्या वर्गांत गिटार वाजवणारी मुले-मुली वाढली आहेत आणि त्यांतल्या काहींच्या घरी जुने, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर येऊन पडले आहेत. कुणाच्या काकांनी परदेशातून आणलेले, कुणी जुन्या बाजारातून उचललेले. ते गुरगुरतात, करपल्यासारखा वास देतात, मध्येच मुके होतात. मुले ते उघडतात. पाठीवरचे वाक्य वाचून उघडतात. आमच्या मते या प्रसंगी अपयश मुलांचे नाही, वाक्याचे आहे.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंग्रज ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो आणि अमेरिकन ट्यूब, ती काचेची निर्वात नळी. आपल्याकडे रेडिओमुळे इंग्रजी नावच रुजले, 'व्हॉल्व्हचा रेडिओ' ही आमच्या आईवडिलांच्या पिढीची घरगुती शब्दयोजना. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे व्हॉल्व्ह देशातच बनवले. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून ते गेले, पण गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. कारण असे की व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर काम करायला लावले की आवाज जो फाटतो, तो त्यांना हवाहवासा वाटतो. इथे यंत्रातला दोष हाच वाद्याचा गुण झाला. (आमच्यातल्या एका शैलीविज्ञानवाल्या सहकाऱ्यांना हे उदाहरण 'नियमोल्लंघन' शिकवताना फार उपयोगी पडते. असो.)

या वाद्याचा इतिहासच मुळी उघडण्याचा, उसकटण्याचा आहे. लिंक रे याने आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली आणि १९५८ साली 'रंबल' हे शब्दांवाचूनचे गाणे दिले. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्याशा अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर पात्याने चिरला, त्याचा आवाज १९६४ च्या 'यू रिअली गॉट मी'मध्ये ऐकू येतो. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर जुळवला गेला, तो फेंडर कंपनीच्या बेसमन या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरचे अंतरंग वाचूनच. आम्ही 'वाचून' हा शब्द जाणीवपूर्वक वापरतो. फेंडर कंपनी तर त्या काळी पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद डकवीत असे, कोणत्या खोबणीत कोणता व्हॉल्व्ह बसतो हे सांगणारा. म्हणजे निर्मात्याने गृहीत धरले होते की कुणीतरी इथे डोकावणार आहे. त्या कागदापासून 'उघडू नये' या वाक्यापर्यंत जे अंतर कापले गेले, त्यात वाचकाविषयीची कल्पनाच बदललेली दिसते.

पण मुलांची बाजू घ्यायची म्हणून धोका लहान करून सांगणे हे पाप होईल. धोका खरा आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो तिथे नाही. विजेच्या उपकरणाचा धोका म्हणजे भिंतीतली वीज, आणि प्लग काढला की ती संपली, अशी आपली साधी समजूत असते. इस्त्रीच्या बाबतीत ती बरोबर आहे, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. ट्रान्झिस्टरला काही दहा व्होल्ट पुरतात, व्हॉल्व्हला पुरत नाहीत. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वातातून ओढून घ्यायला पलीकडे जबर दाब लागतो. म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर घरातले २३० व्होल्ट आणखी चढवतो, ते एकदिश केले जातात, आणि साधारण ३५० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब यंत्रात खेळू लागतो. ही वीज गुळगुळीत करण्यासाठी मोठे कंडेन्सर बसवलेले असतात. कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण. नळ बंद केला म्हणून रांजण रिकामा होत नाही. शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टला भरला तर त्यात सुमारे दहा जूल ऊर्जा साठते, आणि ती क्षणार्धात बाहेर पडू शकते. प्लग काढल्यावर ती किती वेळ टिकेल याला नेम नाही. चांगल्या रचनेत कंडेन्सरला समांतर एक रोधक जोडलेला असतो, तो ती हळूहळू जिरवतो. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये ७० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर २२० किलो-ओहमचा रोधक असतो. गुणाकार केला तर पंधरा सेकंदांचा कालांक येतो, म्हणजे दीड मिनिटात दाब जवळपास उतरतो. पण तो रोधक साठ वर्षांचा म्हातारा असेल आणि आतून तुटला असेल, तर बाहेरून काहीच कळत नाही. काही यंत्रांत असा रोधक मुळातच नसतो, आणि मग तो रांजण कित्येक तास, कधी कित्येक दिवस भरलेला राहू शकतो.

आता 'उघडू नये' हे वाक्य पुन्हा वाचावे. यातले काहीही त्यात नाही. ते कारण सांगत नाही, म्हणून वाचकापुढे दोनच वाटा ठेवते: पाळणे किंवा मोडणे. पाळणारा अज्ञानी राहतो आणि मोडणाराही अज्ञानीच राहतो, फक्त दुसऱ्याचा हात पेटीत असतो. कारणासहित सांगितलेला निषेध मात्र मोडणाऱ्यालाही वाचवू शकतो, कारण मोडताना त्याला कारण आठवते. ही वाक्ये कंपन्यांच्या कायदेशीर सोयीसाठी लिहिली जातात हे आम्हांला ठाऊक आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण सोयीचे वाक्य हेच ज्ञानाचे वाक्य म्हणून मिरवू लागते तेव्हा भाषेच्या शिक्षकाने बोलायला हवे.

यंदा आम्ही एम.ए.च्या एका वर्गात स्वाध्याय म्हणून हेच काम दिले: असा अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षितपणे कसा उघडावा व पाहावा, हे मराठीत लिहा. तांत्रिक माहिती पुरवली होती, प्रश्न फक्त भाषेचा होता. पहिली अडचण शब्दांची. परिभाषेप्रमाणे कंडेन्सर म्हणजे 'धारित्र' आणि त्यातला भार घालवणे म्हणजे 'विसर्जन'. 'धारित्राचे विसर्जन करावे' हे वाक्य वाचले गेले तेव्हा वर्गात हशा पिकला, आणि एकाने ते कोणत्या घाटावर करायचे असे विचारले. कारागिराच्या तोंडी 'डिस्चार्ज मारणे' असते, एका मुलीने 'उतरवणे' लिहिले. विष उतरवतात, ताप उतरतो, तसा भार उतरवायचा. आम्हांला तोच शब्द सर्वांत मराठी वाटला. शब्दांची अडचण हसण्यावारी नेता आली, वाक्यरचनेची मात्र नेता आली नाही. बहुतेकांनी '-ऊन' लावून वाक्ये गुंफली होती: प्लग काढून, पेटी उघडून, कंडेन्सर उतरवून, मोजून आत पाहावे. '-ऊन'ची साखळी ही आपल्या भाषेची मोठी शक्ती आहे, एकापाठोपाठ एक क्रिया ती सहज ओवते. पण ती क्रम सांगते, अट सांगत नाही. 'मोजून हात घालावा' आणि 'मोजमाप शून्याजवळ आल्याशिवाय हात घालू नये' या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते व्याकरणाचे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. इथे ते जिवाचे आहे. पहिले वाक्य मोजण्याची क्रिया पार पाडायला सांगते, आकडा काय आला याची फिकीर करत नाही. 'शिवाय', 'तोवर', 'खात्री झाल्यावरच' हे आपल्या भाषेतले पहारेकरी आहेत, आणि विध्यर्थाच्या गुळगुळीत 'करावे'मध्ये ते हमखास झोपी जातात.

आमच्या परीने ते लेखन कसे असावे, हे दाखवल्यावाचून ही टीका अपुरी राहील. म्हणून लिहितो.

अ‍ॅम्प्लिफायर पाहायचा तो बंद असतानाच. घरात दुसरे कुणी जागे माणूस असल्याशिवाय सुरुवात करू नये, त्या माणसाला मुख्य खटका कुठे आहे हे ठाऊक असावे. जमीन कोरडी हवी, पायांत रबरी तळव्याचे जोडे हवेत. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. बंद करताना 'स्टँडबाय'चा खटका वाजवण्याच्या स्थितीत ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह निवता निवता बराचसा भार स्वतःच पिऊन टाकतात. तारेचा नाद विरत जाताना ऐकू येतो. पण विरलेल्या नादावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नये. त्यानंतर प्लग भिंतीतून काढावा आणि डोळ्यांसमोर ठेवावा. नुसता खटका बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली आढळते, आणि मग खटका बंद असूनही यंत्रात वीज उभी असते. व्हॉल्व्ह निवेपर्यंत थांबावे, त्यांची काच भाजण्याइतकी तापते.

सांगाडा पेटीबाहेर काढल्यावर लगेच काहीही चाचपू नये. आधी मीटर घ्यावा, एकदिश हजार व्होल्टपर्यंत मोजू शकणारा, आणि तो चालतो याची खात्री एखाद्या चांगल्या बॅटरीवर करून घ्यावी. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. मीटरची काळी तार चिमट्याने सांगाड्याच्या धातूला अडकवावी, डावा हात पाठीमागे न्यावा, आणि उजव्या हाताने लाल टोक कंडेन्सरच्या धन टोकाला लावावे. एकच हात वापरण्याचे कारण असे की दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि वाटेत छाती लागते. आकडा मोठा आला तर भार उतरवावा: दहा किलो-ओहमचा, पाच ते दहा वॅटचा तारेचा रोधक, त्याच्या दोन्ही बाजूंना चांगले आवरण असलेल्या तारा, एक टोक चिमट्याने सांगाड्याला, दुसरे कंडेन्सरला. शंभर मायक्रोफॅरडला असा रोधक पाच सेकंदांत जवळजवळ रिकामे करतो, आपण पंधरा-वीस सेकंद धरावा. पेचकसाने थेट ठिणगी पाडू नये, ठिणगीने कंडेन्सर बिघडतो आणि दचकलेला हात भलतीकडे जातो. रांजण एकच नसतो. आवाजाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाशी हे करावे. दोन एकामागे एक जोडलेले असतील तर दोन्हींच्या टोकांवर स्वतंत्रपणे. फेंडरच्या जुन्या यंत्रांत हे मोठे कंडेन्सर सांगाड्याच्या पोटात नसतात, पाठीवर पत्र्याच्या झाकणाखाली असतात. न दिसणाऱ्याची आठवण लिहिणाऱ्याने करून द्यायची असते. मग पुन्हा मोजावे, आणि आकडा दोन-चार व्होल्टांवर आल्याशिवाय आत बोट घालू नये. रिकामा केलेला कंडेन्सर थोडा वेळ सोडला की आपसूक थोडासा पुन्हा भरतो, हा त्याचा स्वभाव. म्हणून काम संपेपर्यंत रोधक मुख्य कंडेन्सरला अडकवलेलाच ठेवावा.

एवढे झाल्यावर पाहायचे काय? फुगलेला किंवा पाझरलेला कंडेन्सर, काळवंडलेला रोधक, व्हॉल्व्हच्या खोबणीपाशी तडा गेलेला डाग, सैल झालेली तार. आणि फ्यूज. फ्यूजवर लिहिलेला आकडा यंत्रावर छापलेल्या आकड्याशी जुळतो का हे पाहणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित तपासणी. तुटलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची विद्या आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिचे 'जुगाड' म्हणून कौतुक करणारे लेखही आम्ही वाचले आहेत. त्या कौतुकात आम्ही सहभागी नाही. फ्यूज हा जळण्यासाठीच ठेवलेला असतो, त्याला अमर केले की ट्रान्सफॉर्मर जळतो किंवा घर.

गंमत अशी की निम्मी तपासणी सांगाडा बाहेर न काढताच, मागून डोकावून होते. व्हॉल्व्हच्या काचेच्या आतला रुपेरी लेप पांढरा पडला असेल तर हवा शिरली, तो गेला. चालू असताना आतला धातूचा पत्रा लालभडक दिसू लागला तर तत्काळ बंद करावे. काचेलगत निळसर झाक दिसली तर घाबरू नये, ती निरोगी व्हॉल्व्हलाही असते. एवढे डोळ्यांनी वाचता आले तरी पुष्कळदा पेचकस हातात घेण्याची वेळ येत नाही. मात्र स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करू नये, त्याने शेवटचा ट्रान्सफॉर्मर जातो.

आणि इथे आम्ही थांबतो. उघड्या सांगाड्यात वीज सोडून दाब मोजणे, व्हॉल्व्हचा 'बायस' लावणे, हे घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ते शिकलेल्या हाताचे काम आहे, आणि शिकणे म्हणजे दुसऱ्या शिकलेल्या हाताशेजारी बसणे. तसेच पन्नास-साठच्या दशकांतली काही स्वस्त यंत्रे ट्रान्सफॉर्मरवाचूनच थेट भिंतीच्या विजेवर चालत (आपल्याकडच्या एसी-डीसी रेडिओंसारखी, ज्यांच्या सांगाड्याला हात लावून अनेक कारागिरांनी चटके घेतले). त्यांना हौशी माणसाने प्लगच लावू नये. आमच्यातल्या एका सहकारी बाईंचा तर या लेखालाच आक्षेप होता. त्यांचे म्हणणे असे की आपण रीत लिहिली की न उघडणाराही उघडेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण न उघडणारे हे वाचत नाहीत, आणि उघडणारे आज अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून उघडतात, ज्यात 'शिवाय' आणि 'तोवर' यांना जागाच नसते. त्यांचे समाधान झालेले नाही, हेही इथे नोंदवतो.

अर्थिंगविषयी मात्र आमच्यात दुमत नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणजे वादक सतत त्या सांगाड्यालाच स्पर्श करीत असतो. १९७२ च्या मे महिन्यात स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. १९७६ च्या मे महिन्यात यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. दोघांनीही काही उघडले नव्हते. गुरगुर कमी होते म्हणून प्लगमधली तिसरी, हिरवी तार कापून टाकणारी मुले आम्हांला भेटली आहेत. पाठीवरचे वाक्य त्यांनी तंतोतंत पाळले होते, पेटी उघडलीच नव्हती.

मराठीला असे गद्य परके आहे असे कुणी म्हणू नये. 'किर्लोस्कर' हे मासिक १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून एका कारखान्याच्या अंगणात जन्मले. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने क्रम आणि प्रमाण नेमके कसे सांगावे याचा पाठच घालून दिला. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या मोटरसायकलविषयक कादंबरीचा निवेदक हा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारा आहे. आम्ही ती 'तत्त्वज्ञानात्मक कादंबरी' म्हणून शिकवतो आणि निवेदकाचा हा व्यवसाय एका वाक्यात उरकतो. आमच्या 'व्यावहारिक मराठी'च्या अभ्यासपत्रिकेत अर्ज आहे, इतिवृत्त आहे, जाहिरात आहे, मुलाखत आहे. एखादी कृती दुसऱ्याच्या हातून निर्धोक घडावी म्हणून लिहिलेले गद्य तिच्यात नाही. ते यावे, त्यावर वीस गुणांचा प्रश्न असावा, आणि उत्तर तपासताना 'करावे' किती आले यापेक्षा 'शिवाय' कुठे आले ते पाहावे, असा प्रस्ताव आम्ही अभ्यास मंडळाकडे लेखी दिला आहे. त्यासोबत नमुना म्हणून ती 'उतरवणे' लिहिणारी उत्तरपत्रिका जोडली आहे.